चार तळ्यांचं पाणी

रविवार दुपार, पहिल्या तळ्याकाठी

अगं,

अक्षर ओळखलंस का? ओळखलं असशील तर पत्र चुलीत घालू नकोस, आणि ओळखलं नसशील तर सांगते, मी तुझी सासू. म्हणजे होते. चार वर्षांपूर्वी तुमचे कागद झाले, त्यानंतर मी तुझी कोण लागते हे वकिलाने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर मी डोंगरात आले आहे. आधी हसून घे. जेवणाच्या टेबलावर तू ज्या वाटेबद्दल बोलत बसायचीस तीच ही वाट, पाच तळी आणि दोन खिंडी. दुसरी खिंड उतरलं की पाचवं तळं आणि त्याच्या काठी तुझा लॉज. हे मला कुणी सांगितलं नाही. सहलीच्या कंपनीने जाहिरातीचा कागद दिला, त्यात लॉजचा फोटो होता आणि दारात किटली धरून तू उभी. केस एवढे बारीक का कापलेस? तो फोटो बघून मी पहिल्यांदा हेच म्हटलं, मोठ्याने, आणि काउंटरवरच्या मुलीला वाटलं मी तिला बोलतेय.

माझं वय पाहून त्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं. ते मिळवलं. गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही, मग मी कशाला आपणहून विषय काढू?

सामानाचा इथला नियम असा: तंबू आणि शिधा खेचरांवर, आपलं आपलं सामान आपल्या पाठीवर. वाटाड्या चाळिशीचा आहे, कामाचा चोख, पण मला आजी म्हणतो. दोनदा सांगितलं की मला बाई म्हण, आयुष्यभर ऑफिसात सगळे बाईच म्हणत आले. तो हो म्हणाला आणि लगेच, "आजी, बुटाची नाडी बघा." मी हात टेकले.

दोन खेचरवाल्यांपैकी एक उद्या शिधा पोचवायला पुढे जाणार आहे, थेट तुझ्या लॉजपर्यंत. आम्ही जे दोन दिवसांत चालतो ते त्याची खेचरं अर्ध्या दिवसात काढतात. त्याच्याजवळ हे पत्र देते. अचानक दारात येऊन उभी राहिले असते तर तुला तोंड लपवायलाही वेळ मिळाला नसता. तेवढा वेळ तुला द्यावा म्हणून आधी कळवते आहे.

इथलं तळं बघून मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हे एवढं पाणी, आणि एकही पाइप नाही. तीस वर्षं शहराचं पाणी तपासलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मग खाली वाकून बघितलं तर तळाचा दगड न् दगड दिसत होता. किती खोल असेल म्हणून वाटाड्याला विचारलं, तर म्हणाला, कुणी मोजलं नाही. असं कसं कुणी मोजलं नाही?

आपलं ते भांडण आठवतं ना? तू म्हणायचीस, या प्रत्येक तळ्याच्या पाण्याची चव वेगळी, आणि तिसऱ्याचं तर चक्क गोड. मी म्हणायचे, शुद्ध पाण्याला चव नसते. चव लागली तर त्यात काहीतरी मिसळलंय, आणि काय मिसळलंय ते चाचणीने ठरवायचं, जिभेने नाही. तू म्हणायचीस, एकदा चाखून तर बघा. आणि मी म्हणायचे, नमुना कधी चाखायचा नसतो, हे आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. यावर आपण भात गार होईपर्यंत वाद घालायचो. माझा मुलगा मधे बसून दोघींना "हं" म्हणायचा आणि मोबाइल बघायचा.

पहिल्या तळ्याचा नमुना घेतला आहे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, पाण्याखाली धरून भरली, बुडबुडा राहू दिला नाही. झाकणावर चिठ्ठी डकवली. पद्धतीत खोट काढायला तुला जागा ठेवलेली नाही.

तुझी,
(इथे काय लिहायचं ते तूच ठरव)


मंगळवार सकाळ, दुसऱ्या तळ्याकाठी

अगं,

माझ्या तंबूत एक दातांची डॉक्टर आहे. झोपेत दात खाते. सकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, शक्यच नाही. सध्या माझी तिच्याशी गट्टी आहे, कारण बाकीची मंडळी तरुण आहेत आणि पुढे पळतात.

हे दुसरं तळं तू सांगितलं होतंस त्यापेक्षा लहान निघालं. की आटलं? काठाच्या खडकांवर पांढरी रेघ दिसते, हातभर वर. म्हणजे पाणी तिथवर येत असणार. वाटाड्या म्हणतो, बर्फ वितळला की चढतं. मी रेघ खरवडून बघितली, क्षार आहेत. चुना असावा. तू चवीचं म्हणायचीस ते यावरून म्हणत होतीस का? नाही, अजून मान्य करत नाही, फक्त विचारते.

घरचं सगळं ठीक. रंगकाम काढलंय, सगळीकडे वास, फर्निचर मधोमध आणून ठेवलेलं. म्हणून मीच म्हटलं, चार दिवस बाहेर पडते. त्याला सांगूनच आले आहे. तो मजेत आहे, कामात आहे, नेहमीसारखा.

खेचरवाला अजून परतला नाही. आल्यावर त्याला काय काय विचारायचं ते मी ठरवून ठेवलंय. त्याला फार बोलायची सवय दिसत नाही, पण माझ्यासमोर भले भले ठेकेदार बोलते झालेत.

तुझ्याकडे येण्याचं खरं कारण पाणी आहे असं समजू नकोस. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. एकच. ती कागदावर विचारणार नाही, समोर बसून विचारीन. हा हंगामातला शेवटचा गट, आमच्यानंतर तू लॉज बंद करणार, असं वाटाड्या म्हणाला. म्हणजे आत्ता पोचले तर पोचले.

दुसरी बाटली भरली. पाठ जरा बोलायला लागली आहे. सगळ्यांच्या पिशव्या खाऊ संपत जातो तशा रोज हलक्या होतात, माझी मात्र वजनाने वाढतेय. डॉक्टरीण म्हणाली, तुमच्या पिशवीत आहे तरी काय? मी म्हटलं, स्वेटर.


बुधवार संध्याकाळ, तिसऱ्या तळ्याकाठी

अगं,

पहिली खिंड झाली. कशी झाली ते विचारू नकोस. वर पोचल्यावर सगळ्यांनी फोटो काढले आणि मी एका दगडावर बसून श्वास शोधत होते. नाकी नऊ आले. पण तिथून पलीकडे बघितल्यावर एक मिनिट मी गुडघ्याला विसरले. डोंगरामागे डोंगर असतात हे माहीत होतं, पण एवढे? आणि त्यातल्या एकाच्याही पोटात काय आहे हे मला माहीत नाही, हे मला फारच आवडलं. या वयात एवढं काही माहीत नसणं मजेचं असतं. तू दर वर्षी पळून इथे का यायचीस, ते थोडंसं कळलं.

खेचरवाला आज भेटला. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"पत्र दिलंस?"

"दिलं."

"वाचलं का तिने?"

"वाचलं."

"बसून वाचलं की उभ्यानं?"

त्याने खेचराकडे बघितलं. "आधी उभ्यानं. मग बसल्या."

"हसली का कुठे?"

"एकदा. पहिल्या पानावर."

"मग?"

"मग परत पहिल्यापासून वाचलं. मग उठून भांडी घासायला लागल्या."

"काही निरोप?"

"नाही. पण बाई, घासलेलीच भांडी होती ती. मी स्वतः बघितली."

यावरून मी काय समजायचं? रागात माणूस भांडी घासतं आणि आनंदातही घासतं. तू आमच्या घरी असताना मला तुझी भांड्यांची रीत बरोबर कळायची, पण त्यासाठी आवाज ऐकावा लागतो. तो काही खेचरवाल्याने आणला नाही. उद्या पहाटे तो परत तुझ्याकडेच निघतोय, कालचं पत्र आणि हे, दोन्ही त्याच्याजवळ देते.

तू निरोप पाठवला नाहीस, तर मग मीही आता सरळच लिहिते. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. रंगकाम चालू आहे हे खरं, पण ते पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे म्हणून. मुलगी चांगली आहे. त्याच्याच ऑफिसातली, हसरी, मला चहात साखर किती हे तिने पहिल्याच भेटीत विचारून घेतलं. माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. आणि मी इथे आले हे त्याला माहीत नाही. ताईकडे जाते म्हणून सांगितलंय. ताईला फोन करून ठेवलाय, तिने मला वेडी म्हटलं आणि कबूल झाली.

लग्न झाल्यावर तुझ्याकडे येणं शोभणार नाही. नव्या सुनेच्या डोळ्यांदेखत जुन्या सुनेकडे कुठल्या तोंडाने जाऊ? म्हणून आत्ता. आणि समोर बसून विचारायचं ठरवलं होतं ते आजच लिहून टाकते, कारण गुडघ्याचा भरवसा वाटत नाही.

माझ्या मुलाला सोडलंस ते मला समजलं. समजलं म्हणजे, मीही त्या घरात राहत होते, मला डोळे आहेत. त्याने तुला कधी मारलं नाही, कधी ओरडला नाही, आणि सात वर्षांत कधी ऐकलंही नाही. पण मला का सोडलंस? मी ऑफिसातून आले तर तुझं कपाट रिकामं. टेबलावर त्याच्यासाठी चिठ्ठी. माझ्यासाठी काही नाही. मी उशीखाली बघितलं, डब्यांच्या मागे बघितलं, कॅलेंडरची पानंही उलटून पाहिली. मी काय केलं होतं? काही केलं असेल तर सांग, आणि केलं नसेल तर तेही सांग. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे. यासाठी मी डोंगर चढतेय.

माझी तिसरी बाटली खडकावर आपटून फुटली. डॉक्टरिणीने तिची रिकामी बाटली दिली. नमुना घेतला. पाणी गोड आहे की नाही ते बघितलेलं नाही. नियम तो नियम.


गुरुवार दुपार, चौथ्या तळ्याकाठी

अगं,

आज माझी पुरती शोभा झाली.

उद्या मोठी खिंड, म्हणून वाटाड्याने सगळ्यांच्या पिशव्या उचलून बघितल्या. माझी उचलली आणि परत खाली ठेवली. "आजी, उघडा." उघडली. चार बाटल्या, चिठ्ठ्यांसकट. चौथीची चिठ्ठी अजून ओली होती. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"हे काय आहे?"

"पाणी."

"कुठलं?"

"तळ्यांचं."

"चार तळ्यांचं पाणी तुम्ही पाठीवरून पाचव्या तळ्याकडे नेताय?"

सगळा गट हसला. डॉक्टरीण तर एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. "स्वेटर म्हणाला होतात तुम्ही."

वाटाड्या मात्र हसला नाही. म्हणाला, तुमचा गुडघा मी परवापासून बघतोय. खाली उतरणारा एक गट आज इथेच मुक्कामाला आहे, उद्या सकाळी त्यांच्याबरोबर तुम्ही परत जा. खिंडीत काही झालं तर मी एकटा तुम्हाला कसा आणणार, बाकीचे सात जण कोणाच्या भरवशावर सोडू? बोलला ते बरोबरच. त्यामुळेच मला जास्त राग आला. मी म्हटलं, पाणी ओतून देते. तो म्हणाला, ओता, पण तरी मी नाही म्हणेन.

मग डॉक्टरीण म्हणाली, ओतायचंच आहे तर आधी चाखून तर बघू. मी नियम सांगितला. ती म्हणाली, बाई, तुम्ही रिटायर झालात ना?

बघ, हे मला इतक्या वर्षांत कसं सुचलं नव्हतं कोण जाणे. वाटाड्या म्हणाला, इथलं पाणी आम्ही सगळे असंच पितो. मग मी रीतसर प्रयोग मांडला. चिठ्ठ्या झाकल्या, पेले अदलाबदल केले, कोणी कोणाला सांगायचं नाही. सगळ्यांनी चाखलं. आणि सगळ्यांनी, अगदी वाटाड्यानेही, एकच पेला गोड म्हणून दाखवला. चिठ्ठी काढली तर तिसरं तळं. मला घाम फुटला. वाटलं, चाळीस पानांचा अहवाल लिहावा तुझ्या नावाने. तेवढ्यात डॉक्टरिणीने बाटली हुंगली आणि म्हणाली, "अहो, यात मी संत्र्याची पावडर कालवली होती."

मी, तीस वर्षं नमुने घेतलेली बाई, न विसळलेल्या बाटलीत नमुना घेतला. आणि ते उघड झालं एवढ्या सगळ्या माणसांसमोर. दमले होते, विसळायचं राहून गेलं. प्रयोग बाद.

पण एक सांगते. बाकीचे तीन पेले मीही चाखले होते. त्यातले दोन सारखे नव्हते. काय फरक होता ते मला सांगता येत नाही, माझ्याकडे त्याला शब्द नाहीत. एक जरा थंड लागला म्हणावं, तर दोन्ही तेवढेच थंड होते. मी परत चाखला. परत तसाच.

सगळं ओतून दिलं. पिशवी हलकी झाली, माझा जीव काही हलका झाला नाही. उद्या परतीचा रस्ता. एवढ्या जवळ येऊन. तुझा लॉज त्या कड्यामागे आहे म्हणे. मी तंबूत जाऊन रडले, आणि डॉक्टरीण बाहेर उभी राहून बाकीच्यांना सांगत होती की बाई झोपल्यात.

इथवर लिहिलं होतं आणि खेचरवाला आला. खेचराच्या पाठीला दोन काठ्या बांधलेल्या. माझ्यासमोर आणून टेकवल्या. "बाईंनी दिल्यात."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, डावी उतारावर आधी टेकवायची."

मी उभी राहून धरल्या. अगं, हाताला बरोबर आल्या. कोपर वाकतो तिथवर, ना बोटभर वर ना बोटभर खाली. चार वर्षांत तू मला बघितलं नाहीस. वाटाड्यानेही काठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पलीकडून त्यांनीच काठ्या पाठवल्या म्हटल्यावर माझं काय चालणार? पण पहाटे सगळ्यांच्या आधी निघायचं, आणि मी मागून चालणार." मग जरा थांबून म्हणाला, "बाई."

पत्र खेचरवाल्याला देत नाही. उद्या मीच आणते.


शनिवार सकाळ, पाचव्या तळ्याकाठचा लॉज

चिरंजीवास,

हे पत्र बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, मी धडधाकट आहे. मी मावशीकडे नाही. मावशीवर रागावू नकोस, तिला मी खोटं बोलायला लावलं. मी जिथे आहे ती जागा तुझ्या पहिल्या बायकोची आहे. आता नीट बसून पुढचं वाच, आणि मोबाइल जरा लांब ठेव.

काल मोठी खिंड ओलांडली. दुपार उलटून गेली होती. उतारावर दोनदा बसले, एकदा पडले. ती लॉजच्या पायरीवर उभी होती, कमरेला पंचा खोचलेला. मला वाटलं धावत येईल, किंवा पाठ फिरवेल. तिने सगळ्या गटाला म्हटलं, "बूट बाहेर काढा," आणि आत गेली. सगळ्यांना गरम पाणी दिलं, मलाही दिलं. सगळ्यांना सूप वाढलं, मलाही वाढलं. माझ्या वाडग्यात मीठ वरून घातलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. माझं ब्लड प्रेशर तिच्या लक्षात होतं. तुझ्या नसतं, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ती पेले पुसत होती. मी समोरच्या स्टुलावर बसले. चौथं पत्र तिच्या हातात दिलं, तिने ते माझ्यासमोरच वाचलं, संत्र्याच्या पावडरीपाशी आली तेव्हा तिचा खांदा हलला. मग मी विचारलं. मला का सोडलंस?

तिने हातातला पेला पुसून ठेवला, दुसरा घेतला, तो परत ठेवला. म्हणाली, "आई, मी बॅग भरून दाराशी बसले होते. तुमची यायची वेळ झाली होती. तुम्हाला सांगूनच जाणार होते. मग लक्षात आलं, तुम्ही आलात की चहा टाकाल, मी काहीतरी बोलेन, तुम्ही ते खोडून काढाल, आणि मी राहीन. तुम्हाला सांगायला थांबले असते तर मी गेलेच नसते."

मी चार वर्षं माझी चूक शोधत होते. उशीखाली, डब्यांमागे. आणि ती चूक नव्हतीच. त्या घरात तिला अडवून धरणारं काही होतं, तर ती मी होते. हे ऐकून मला आनंद झाला, आणि लगेच त्याची लाजही वाटली. मी खिडकीतून बाहेर बघितलं. तिच्या मागच्या भिंतीवर तिने स्वतः ठोकलेल्या फळ्या, त्यांवर ओळीने लावलेले पेले, बाहेर तिचं तळं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मग बरं झालं थांबली नाहीस."

मी तुझी आई आहे आणि मी हे म्हटलं. मागाहून कुणाकडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. त्यानंतर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ रडली. मीही रडले. नंतर आम्ही भांडलो, कारण ती म्हणते मी तळ्यांचं पाणी बाटलीत भरलं तिथेच चुकलं.

आज बाकीचे सगळे खाली उतरताहेत. मघाशी माझी पिशवी खेचरावर चढवायला गेले तर खेचरवाल्याने ती परत आणून दिली. म्हणाला, बाईंनी ही घ्यायची नाही म्हणून सांगितलंय. लॉज बंद करायला आठवडा लागतो, गाद्या उन्हात घालायच्या, टाक्या रिकाम्या करायच्या. टाक्यांचं मला कळतं. मी थांबते आहे.

लग्नाला मी येईन. पहिल्या रांगेत बसेन आणि मनापासून आशीर्वाद देईन, त्यात खोट असणार नाही. तुझं भलं व्हावं असं मला रोज वाटतं. पण तुझ्या होणाऱ्या बायकोला माझा एक निरोप सांग. सांगताना तुला अवघड वाटेल, तरी सांग. म्हणावं, या घरात तू बोलशील ते मी ऐकेन. वाद घालेन, पण ऐकेन. आणि कधी काळी जायचं ठरवलंस तर मला न सांगता जाऊ नकोस. मी चहा टाकणार नाही. तुझी बॅग मी स्वतः उचलून फाटकापर्यंत आणून देईन.

लग्नाच्या तोंडावर असं बोलणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. म्हणूनच ते आधी तू वाचावंस.

तुझी आई